बुडाखालचं नाव

मागच्या आषाढात कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका घरी मला एक थाळी बघायला बोलावलं होतं. त्या घरातला मुलगा शाळेत माझ्याकडे चित्रकलेला होता, आता परदेशात नोकरी करतो. येताना त्यानं ही थाळी सामानात टाकली नाही, विमानात मांडीवर ठेवून आणली. सव्वा फूट व्यासाची, जड, पांढऱ्या मातीची. तिच्यावर काळ्या, शेंदरी आणि विटक्या निळ्या रेघांचा गुंता होता. लांबून नुसत्या रेघाच दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की ही अक्षरं आहेत, एकावर एक एवढ्या वेळा लिहिलेली की वाचण्यासारखं एकही उरलेलं नाही. मोडी न येणाऱ्यानं जुना दस्त हातात घ्यावा तसं होतं. लिहिणाऱ्याच्या हाताचा वेग दिसतो, झोक दिसतो, मजकूर मात्र सापडत नाही. एका बाजूला शेंदरी रंगाचा ओघळ काठापर्यंत येऊन थांबला होता. फवाऱ्याचा डबा भिंतीला फार जवळ धरला की असाच ओघळ येतो. इथं तो भट्टीत काचेसारखा घट्ट झाला होता आणि बोट फिरवलं की त्याचा उंचवटा लागत होता.

चित्रकार तरुणपणी रस्त्यावरच्या भिंती रंगवणारा, पुढं कॅनव्हासवर आलेला. अशा शंभरच थाळ्या काढल्या होत्या. मुलाचे वडील शेजारी बसले होते. त्यांनी मला किंमत सांगितली आणि म्हणाले, "सर, एवढ्यात गावाकडं दुभती म्हैस आली असती. तुम्हीच सांगा, ह्यात काय आहे?"

मी थाळी उलटी केली. बुडाला जिथं झिलई, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, चढवलेली नव्हती तिथं तीन गोष्टी होत्या. ज्या कार्यशाळेत थाळी घडली तिचा ओल्या मातीत दाबलेला शिक्का, चित्रकाराची सही, आणि तिच्याखाली ३७/१००, म्हणजे शंभरातली सदतिसावी. मी म्हटलं, "दादा, मला विचाराल तर आधी ही बाजू बघा."

तेवढ्यात चहा आला आणि बोलणं पावसावर गेलं. तिथं सांगायचं राहिलं ते इथं लिहितो आहे, कारण हा प्रश्न त्या एका घराचा नाही. हातानं घडवलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचं नाव असावं का, आणि नसेल तर नुकसान कुणाचं, हा प्रश्न अख्ख्या कोल्हापूरचा आहे. आपण आपल्या गावाला कलापूर म्हणतो. माझं म्हणणं एवढंच की कलापूरनं आपल्या हातांची नावं लिहायला सुरुवात करावी: मडक्याच्या बुडाला, भिंतीच्या कोपऱ्यात, प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर. आणि ती सगळ्या हातांची असावीत.

ग्राफिटीची, म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर लिहिण्या-रंगवण्याची, सुरुवात नावापासूनच झाली हे फार जणांना माहीत नसतं. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सनं एका पोराची बातमी छापली. तो निरोप्याचं काम करायचा आणि शहरभर भिंतींवर, भुयारी रेल्वेच्या डब्यांत 'टाकी १८३' एवढंच लिहून ठेवायचा. टाकी हे त्याचं घरचं नाव, १८३ हा तो राहायचा त्या रस्त्याचा नंबर. बातमी आल्यावर त्याच्यासारखी असंख्य पोरं लिहू लागली. ती स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, 'रायटर' म्हणवत. ज्यांचं नाव कुठल्याच पाटीवर लागणार नव्हतं त्यांनी ते स्वतःच लिहायचं ठरवलं होतं. पुढं अक्षरं फुगली, वळली, त्यांना बाण फुटले, एकमेकांत गुंतली. १९८० साली फ्युच्युरा २००० या नावानं ओळखल्या जाणाऱ्यानं रेल्वेचा एक आख्खा डबा रंगवला, त्यात 'ब्रेक' हा एक शब्द आणि बाकी नुसते रंगांचे ढग. लिहिणं विरघळून चित्र झालं ते असं. ताराबाई पार्कातली थाळी त्याच वाटेवरची आहे. समोरच्या बाजूला नाव विरघळलेलं आणि पाठीमागं तेच नाव स्वच्छ सही करून लिहिलेलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली.

दुसऱ्याच्या भिंतीवर न विचारता रंग मारणं मला पटत नाही. जन्मभर मास्तरकी केली, पोरांना तेच शिकवलं, आणि आपल्याकडं १९९५ पासून मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध कायदाही आहे. पण ज्याला कुणी ओळखत नाही त्याला आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं, त्या ओढीत मला काही वावगं दिसत नाही.

आता त्या शंभराच्या आकड्याकडे येतो, कारण लोकांचा राग तिथं असतो. साचा तयार आहे, भट्टी तयार आहे, पाच हजार निघाल्या असत्या, मग शंभरच का? मुद्दाम टंचाई करायची आणि भाव चढवायचा, हा तर व्यापाऱ्याचा कावा. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कीथ हेरिंग हाही भुयारी रेल्वेतल्या काळ्या कागदांवर खडूनं चित्रं काढून पुढं आलेला. त्यानं १९८६ साली न्यूयॉर्कात सरळ दुकान थाटलं आणि आपली चित्रं बिल्ल्यांवर, बनियनांवर छापून स्वस्तात विकली. गॅलरीची पायरी न चढणाऱ्या पोरालाही आपलं चित्र घेता यावं असं त्याला वाटत होतं. मला हेरिंगची ती वृत्ती आवडते. पण तिच्यामुळं आकडा घातलेली थाळी खोटी ठरत नाही. दोन्हीकडं चित्रकार ग्राहकाशी सरळ बोलतो आहे. एक म्हणतो, हवी तेवढी काढीन. दुसरा म्हणतो, शंभराच्या वर काढणार नाही. दुसऱ्यानं शब्द पाळला तर त्यात फसवणूक कसली?

आणि मातीच्या बाबतीत आकड्याला आणखी एक अर्थ आहे, तो भट्टीजवळ उभं राहिलेल्याला कळतो. साच्यातली थाळी म्हणजे प्लॅस्टरच्या साच्यात पातळ मातीचा घोळ ओतायचा. प्लॅस्टर पाणी शोषतं, कडेला मातीचा थर धरतो, जास्तीचा घोळ ओतून टाकायचा. प्रत्येक वेळी साचा थोडा झिजतो आणि काही डझन नग काढले की कडा बोथट व्हायला लागतात. ओली माती वाळून, भाजून निघेपर्यंत दहा-बारा टक्के आकसते, आणि सगळीकडून सारखी आकसेल याची हमी नसते. आपल्या कुंभाराची भट्टी साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते, ह्या जातीच्या मातीला १२०० च्या वर लागते. त्या आगीत झिलईचा रंग काय होणार हे लावताना दिसत नाही. राखाडी दिसणारा लेप निळा होऊन बाहेर येतो. काही नग तडकतात, काही वाकडे होतात. शंभर चांगले नग हातात पडायला किती जास्तीचे भाजावे लागले असतील ते कुठं लिहिलेलं नसतं.

पण हे झालं प्रामाणिक कामाचं. बाजारात दुसराही प्रकार आहे. कारखान्यातली तयार पांढरी बशी घ्यायची, तिच्यावर चित्राचा छापील पापुद्रा चिकटवायचा, त्याला डिकॅल म्हणतात, मंद आचेवर पक्का करायचा आणि 'मर्यादित आवृत्ती' म्हणून खोक्यात घालायचा. चित्रकाराचा हात त्या बशीला लागलेलाही नसतो. ओळखायचं कसं? डोळे मिटून बोट फिरवा. हातानं चढवलेली झिलई चढउतार सांगते, डिकॅल बहुधा एकसारखा गुळगुळीत लागतो आणि नीट पाहिलं तर पापुद्र्याची कड दिसते. मग उलटी करा. नुसता आकडा पुरत नाही. एकूण किती, हा कितवा, कुठल्या भट्टीत, कुणी घडवला, साचा पुढं मोडला का, एवढं विचारायचा ग्राहकाला हक्क आहे. म्हैस घेताना आपण दात बघतो, सड बघतो, वेत विचारतो. इथंही तेच करावं.

यात 'कुणी घडवला' हा प्रश्न सगळ्यांत जास्त विसरला जातो. पिकासोचं उदाहरण घ्या. दक्षिण फ्रान्समध्ये वालोरी नावाचं कुंभारांचं गाव आहे. १९४६ साली तो तिथल्या कुंभारकामाच्या प्रदर्शनाला गेला, आणि १९४७ पासून १९७१ पर्यंत सुझान आणि जॉर्ज रामिए यांच्या मादुरा कार्यशाळेत त्यानं ६३३ नमुन्यांच्या आवृत्त्या काढल्या. कुठली २५ नगांची, कुठली ५०० नगांची. जगातला सगळ्यांत मोठ्या नावाचा चित्रकार, तरी त्या भांड्यांच्या बुडाला त्याच्या नावाच्या शिक्क्याबरोबर मादुराचाही शिक्का असतो. ज्यांच्या भट्टीत भांडं भाजलं त्यांची खूण पिकासोच्या खुणेशेजारी. माझ्या विद्यार्थ्याच्या थाळीवरही तेच होतं, म्हणून मी ती उलटी धरून बराच वेळ बघत बसलो.

कारण त्याच आठवड्यात मी बापट कॅम्पच्या कुंभारवस्तीत गेलो होतो. महाराष्ट्रीय बेंदूर जवळ आला होता. कोल्हापुराबाहेरच्यांसाठी सांगतो: ज्यांच्या दारात बैल नाही ती घरंही त्या दिवशी मातीच्या बैलांची जोडी आणून पुजतात. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर होतो, आषाढात आपला. दोन्हींच्या आधी कुंभाराच्या अंगणात बैलांचे कळप उभे असतात. माझ्या ओळखीचे एक मामा आहेत, सत्तरीच्या घरातले. साच्यातले बैल त्यांची मुलं काढतात, मामा अजून काही जोड्या हातानंच करतात. मातीचा गोळा तळव्यात वळला, चार बोटांनी चार पाय ओढले, अंगठ्यानं वशिंड दाबून वर काढलं, मानेखाली पोळी चिमटीनं खेचली. मोजून चार मिनिटं लागली नसतील. बैल मान थोडी डावीकडं वळवून उभा राहिला. साच्यातला बैल सरळ समोर बघतो. मामांचा कधीच बघत नाही. मी पन्नास बैलांतून त्यांचा बैल काढून दाखवीन.

पण त्या बैलावर कुठं काही लिहिलेलं नाही. माठावर नाही, संक्रांतीच्या सुगडांवर नाही, नवरात्रात घरोघर बसणाऱ्या घटावर नाही. एवढंच असतं तर कदाचित मी लेख लिहिला नसता. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात (नाव घेत नाही) मला मामांचे माठ दिसले. शहरातल्या एका तरुण चित्रकारानं ते रंगवले होते, रंगवले छानच होते, भिंतीवरच्या ग्राफिटीच्या धर्तीवर, अक्षरं मोडून. प्रत्येकाच्या बुडाला ॲक्रिलिकनं चित्रकाराची सही. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'माध्यम: मातीच्या माठावर ॲक्रिलिक'. एका माणसाची चाळीस वर्षं त्या ओळीत 'माध्यम' होऊन बसली होती. चित्रकाराच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो.

टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात मी वर्ग घेऊन जायचो. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथं सातवाहन काळातलं व्यापारी गाव निघालं. ब्रह्मपुरीतच सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघायला लोक लांबून येतात. ह्याच टेकाडावर पूर्वी नाणीही सापडली होती, त्यांवर विळिवायकुर, शिवलकुर अशी राजांची नावं आहेत. आणि खापरं तर पोत्यांनी निघतात, कुठल्याही उत्खननात निघतात तशी. वस्ती कुठल्या काळातली हे ठरवताना विद्वान ह्याच खापरांचा आधार घेतात. राजाचं नाव नाण्यावर आहे. खापरावर कुणाचंच नाही. पोरं दरवर्षी विचारायची, "सर, हे कुणी केलं?" मी दरवर्षी सांगायचो, "कुंभारांनी." उत्तर बरोबर होतं, पण पोरांच्या तोंडावर समाधान दिसायचं नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो चांगल्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, आपली परंपरा निनावी आहे, नाव टाकणं हा पाश्चात्त्यांचा अहंकार, कारागिराची थोरवी त्याच्या अनामिकपणात आहे. जपानमध्ये विचारवंत यानागी सोएत्सू यांनी ह्याच विचाराला मोठं रूप दिलं. अनाम कारागिराच्या रोजच्या वापरातल्या भांड्यांत जे सौंदर्य असतं ते सहीच्या वस्तूत नसतं, असं ते मांडत. त्यांचे सोबती, कुंभारकाम करणारे हामादा शोजी, १९५५ साली जपाननं ज्यांना राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं, ते आपल्या भांड्यांवर सही करत नसत. इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. पण हामादांचं भांडं ज्या लाकडी पेटीतून जाई तिच्या झाकणावर त्यांची सही असे, हे सांगायचं राहून जातं. भांडं निनावी राहिलं, भांडं करणारा राहिला नाही.

आणि आपली परंपरा निनावी आहे हे तरी खरं का? कर्नाटकात बेलूरच्या मंदिरात गेलात तर मदनिकांच्या, म्हणजे तिथल्या स्त्रीशिल्पांच्या, पायाशी शिल्पकारांची नावं कोरलेली वाचायला मिळतात, त्यात दासोजा आहे. बाराव्या शतकातलं काम आहे ते. तेवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या संतांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी नाव घातलं. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. दळण दळणाऱ्या जनीनं आपलं नाव प्रत्येक अभंगात गुंफून ठेवलं, म्हणून आज सातशे वर्षांनी ते शब्द जनीचे आहेत हे आपल्याला माहीत आहे. नाहीतर तेही 'लोकगीत, कवी अज्ञात' म्हणून छापलं गेलं असतं. त्या नाममुद्रेत अहंकार आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे?

कोल्हापुराला तर हे नवीन नाहीच. ह्या गावानं धंद्याचं आडनाव केलं. बाबूराव मेस्त्री बाबूराव पेंटर झाले आणि त्याच नावानं त्यांनी सिनेमाचा इतिहास घडवला. पाट्या रंगवणाऱ्यांची आमच्याकडं मोठी परंपरा होती. तालमीचा फलक असो, दुकानाची पाटी असो, ट्रकची मागची फळी असो, उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत 'अमुक आर्ट्स' लिहिल्याशिवाय पेंटर ब्रश धुवत नसे. मालकही हरकत घेत नसे. त्या बारीक ओळीनं पुढचं काम मिळायचं आणि काम फसलं तर शिव्याही तिच्याच पत्त्यावर जायच्या. फ्लेक्स आला आणि हाताची अक्षरं गेली. हात गेला तसा कोपराही गेला.

माझ्यावर बेतलेली एक गोष्ट सांगतो. २०१९ च्या महापुरानंतर मी बावीस मुलांना घेऊन एका सरकारी आवाराची लांब भिंत रंगवली. रीतसर परवानगी घेऊन. पाणी कुठवर आलं होतं ती रेघ, होडीतून म्हातारी उतरवणारी माणसं, छपरावर अडकलेलं वासरू. शिरोळकडच्या दोन मुलींनी ते वासरू काढलं, त्यांच्याच घरचं होतं. दोन वर्षांनी कुणाच्या तरी दौऱ्यासाठी आवार स्वच्छ करायचा हुकूम निघाला आणि एका दुपारी भिंतीवर पांढरा रंग मारला गेला. मी विचारायला गेलो. समोरच्या माणसानं उद्धटपणा केला नाही. त्यानं फक्त विचारलं, "कुणाचं होतं ते चित्र? नाव कुठं होतं? विचारायचं कुणाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. भिंत संपल्यावर मुलं नावं लिहू का म्हणून विचारत होती, तेव्हा मीच म्हटलं होतं, "नाव कशाला? काम बोलेल." काम बोललं नाही. ती चूक माझी आहे आणि ती मला अजून सलते.

कारण नाव असतं तर काय होऊ शकतं हे मला नंतर वाचून कळलं. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती, मालकाच्या परवानगीनं ग्राफिटीवाल्यांनी रंगवलेली. २०१३ साली मालकानं ती एका रात्रीत पांढरी करून टाकली. कलावंत कोर्टात गेले. कुठलं चित्र कुणाचं याची नोंद होती. २०१८ साली न्यायाधीशांनी २१ कलावंतांना ४५ चित्रांपोटी ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायला लावले. आपल्याकडंही कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे. कृती विकली, हक्क विकले, तरी ती माझी आहे असं म्हणण्याचा आणि तिच्या नासधुशीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कर्त्याकडं राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले तुकडे त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. हे सगळं 'कर्ता कोण' ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे. माझ्या बावीस पोरांचा कर्ता म्हणून कुठं पुरावाच नव्हता.

कायद्याला आकडेही कळतात, आणि ते कारागिरानं माहीत करून घ्यावेत. नोंदणी होण्याजोगा पण नोंदवलेला नसलेला नमुना औद्योगिक पद्धतीनं पन्नासपेक्षा जास्त वेळा काढला की त्यावरचा कॉपीराइट संपतो, असं कलम १५ सांगतं. हातानं दाबून काढलेल्या साच्यातल्या बैलाला ते किती लागू होतं हा वकिलांचा वाद आहे, पण आकडा घालणारा चित्रकार ठरवलं तर पन्नासावर थांबू शकतो आणि आमचा कारागीर दोनशे काढून मोकळा होतो, तेव्हा तो नकळत काय सोडतो आहे ते त्याला कुणीतरी सांगायला हवं. चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर कर्त्याला वाटा देण्याची तरतूदही ह्याच कायद्यात आहे. त्या यादीत मडकं नाही. ते यावं यासाठी कुणी बोलायचं? कुंभार एकटा बोलू शकणार नाही. कलाशाळांनी बोलावं.

चपलेचं उदाहरण ताजं आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं तशीच पायताणं दाखवली, मूळ सांगितलं नाही, आणि इथं संताप झाला. तो योग्य होता. पुढं कंपनीनं मूळ मान्य केलं आणि डिसेंबरात जाहीर झालं की दोन्ही राज्यांतल्या चर्मोद्योग महामंडळांच्या साथीनं दोन हजार जोड इथंच बनवून साधारण ८०० युरोला विकणार. म्हणजे मर्यादित आवृत्तीच. कोल्हापूरचं नाव आलं याचा मला आनंद आहे. पण मानांकन गावाला नाव देतं, माणसाला देत नाही. त्या दोन हजारांतल्या प्रत्येक जोडाच्या तळव्यावर, ज्यानं कातडं कमावलं आणि जिनं वेणी विणली त्यांची नावं असावीत अशी मागणी आपण केली का? आपण 'कोल्हापुरी' शब्दावर समाधान मानलं. कापशी चपलेत कापशी गाव आलं, कापशीतला माणूस आला नाही. त्याच्या नावाला आजवर जागा नव्हती, आता ती मागायची वेळ आहे.

महापालिका चौक सुशोभित करते, भिंती रंगवून घेते. प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात वीतभर जागा ठेवावी, तिथं रंगवणाऱ्यांची नावं आणि साल असावं, आणि पुसायच्या आधी त्यांना एक पत्र जावं. त्यांनी फोटो काढून घेतला तरी पुष्कळ झालं. याला वेगळा निधी लागत नाही. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी 'माध्यम' ह्या ओळीखाली 'घडण' अशी आणखी एक ओळ घालावी. आणि आमच्या चित्रकला महाविद्यालयांतल्या पोरांनी कुंभाराचं भांडं रंगवायला घेण्याआधी त्याला विचारावं, बुडाला तुमचं नाव तुम्ही घालता की मी घालू?

मी हे मामांना विचारलं. थाळीचा फोटो दाखवला, पाठची बाजू मोठी करून. त्यांनी आधी बोटानं झिलईच्या रंगाबद्दल विचारलं, मग म्हणाले, "आमचं नाव कुणी वाचायचं, सर? बैल तर पाण्यात जाणार."

"माठ राहतो की मामा."

"माठावर घातलं आणि माठ गळाला, तर गिऱ्हाईक थेट दारात."

"येऊ दे. बदलून द्याल की नाही?"

"देणार की. आत्ताबी देतोच." थोडं थांबून ते म्हणाले, "मग काय हरकत न्हाई."

ओल्या मातीचा एक बैल त्यांनी उचलला, आडवा केला, पोटाखाली बाभळीचा काटा टेकवला आणि तसाच धरून ठेवला. मामी पलीकडं बसून वाळलेल्या बैलांना डोळे काढत होत्या, काडीला कापूस गुंडाळून. शिंगांना हुरमुंज त्यांनीच लावलेला. माती मळतात त्याच, भट्टीला शेणी रचतात त्याच. मामांनी तिकडं बघितलं आणि मला विचारलं, "सर, नाव कुणाचं घालायचं? डोळं तर ही काढते."

मामी हसल्या नाहीत, वरही बघितलं नाही. मामा बैल उलटा करून, दोन्ही नावं मावतील का ते काट्याच्या टोकानं मापत बसले.